सावलीतली छोटी बाग दरवर्षी काळवंडते: काय तपासावं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबावं

तळमजल्याच्या फ्लॅटला लागून असलेली साइड मार्जिनची पट्टी, बंगल्याची मागची बाजू, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीचा चौक. पुण्यातल्या छोट्या बागा बहुतेक अशाच जागी असतात आणि त्यांचा दोषही ठरलेला असतो. दिवाळीत नवी झाडं आणून सजवलेली बाग होळीपर्यंत उदास दिसू लागते. पावसाळ्यात ती कुबट होते आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा नर्सरीची फेरी घडते.

लक्षणं

यातली तीन-चार जुळली तरी दोष हाच समजा.

- बाहेर लख्ख ऊन असताना भर दुपारी बागेत दिवा लावावासा वाटतो.
- मोगरा, जास्वंद, गुलाब पानं देतात, फुलं देत नाहीत. फांद्या लांबट आणि काटकुळ्या होतात, सगळे शेंडे एकाच दिशेला झुकतात.
- पिवळी म्हणून आणलेली गोल्डन ड्युरांटा काही महिन्यांत साधी हिरवी होते.
- खालची पानं पिवळी पडून गळतात, कुंडीतली माती मात्र ओलीच असते.
- फरशीवर हिरवट-काळं शेवाळ येतं, पाय सरकतो. भिंतीच्या खालच्या फूटभरात रंगाचे पोपडे निघतात.
- कुंडी हलवली की बारीक काळी चिलटं उडतात.
- संध्याकाळी खुर्ची टाकली की दहा मिनिटांत डास आणि कुबट वास उठवून लावतात.

या सगळ्याच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. बागेत जो थोडा उजेड पोचतो तो जाळी, काळवंडलेल्या भिंती, ओली फरशी आणि गडद पानं मिळून गिळून टाकतात. दुसरं म्हणजे ओल सुकत नाही. ओली भिंत कोरडीपेक्षा गडद दिसते, गडद कोपऱ्यातली ओल आणखी टिकते, असं ते चक्र आहे. म्हणून नवीन झाडं आणणं या यादीत बरंच खाली येतं. काळोख्या जागेत आणखी दहा कुंड्या ठेवल्या की काळोख वाढतो आणि झाडू मारायलाही जागा उरत नाही.

पहिली तपासणी: ऊन खरंच किती आणि कधी येतं

याला पैसे लागत नाहीत, तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो भर दुपारीही दक्षिणेला ४८ अंशांच्या वर चढत नाही. तेव्हा १५ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेकडे साडेतेरा मीटर पडते. इमारतीच्या उत्तरेला असलेली तीन मीटर रुंदीची पट्टी त्यात पूर्ण बुडते आणि सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत तिला दुपारचं ऊन दिसतच नाही. मे महिन्यात त्याच पट्टीवर ऊन पडलेलं बघून घरचे म्हणतात, 'आपल्याकडे ऊन येतं की!' दिवाळीला त्या हिशेबाने झाडं येतात आणि थेट सहा महिन्यांच्या सावलीत बसतात.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता उन्हाच्या कडा खडूने फरशीवर आखा. फोटो काढून तारीख लिहून ठेवा. डिसेंबरमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा आखलं की वर्षाचं चित्र समजतं.

ऊन नसलेल्या जागेत उजेड किती आहे हे पाहायला एक पांढरा कागद पुरतो. दुपारी बाराच्या सुमारास कागद झाड जिथे असेल तिथे ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात पसरा. पाचही बोटं कोरल्यासारखी दिसली तर तिथे ऊन आहे. पंजा ओळखू येतो पण कडा धूसर आहेत, तर तो चांगला उजेड, पानांच्या बहुतेक झाडांना चालेल. कागद नुसता थोडा काळपट झाला आणि पंजा कळतच नाही, तर ती गडद सावली. मोबाइलवरचं लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं ॲप अचूक नसतं, पण दोन कोपऱ्यांची तुलना करायला उपयोगी पडतं. फोन पानांच्या उंचीवर धरा, सेन्सर आभाळाकडे ठेवा. ढोबळ मानाने दुपारी १०,००० लक्सच्या वर असेल तर सावलीत फुलणारी झाडं लावता येतात. २,००० ते १०,००० मध्ये पानांची झाडं रमतात. १,००० च्या खाली स्नेक प्लांट आणि हिरवा ॲग्लोनिमा तग धरतात, वाढत नाहीत. ५०० च्या खाली कायमचं काहीच लावू नका. तिथे दोन कुंड्या ठेवून त्या दर पंधरा दिवसांनी उजेडातल्या कुंड्यांशी बदलत राहा.

दुसरी तपासणी: डोक्यावर काय बांधलंय

वर बघा. हिरवी शेडनेट आहे का? वरच्या मजल्यावरून कचरा पडतो, कबुतरं येतात, उन्हाळ्यात झाडं करपतात, अशा कोणत्या तरी कारणाने ती एकदा बांधलेली असते आणि मग वर्षानुवर्षं तशीच राहते. ५० टक्क्यांची नेट अर्धा उजेड अडवते, ७५ टक्क्यांची पाऊण, वर धूळ आणि वाळकी पानं साठली की त्याहून जास्त. खालून जो उजेड मिळतो तोही हिरवट असतो आणि त्यात माणसाचा चेहराही आजारी दिसतो. जी बाग आधीच सावलीत आहे तिला शेडनेटचं काही काम नाही. कबुतरांसाठी नायलॉनची पातळ जाळी लावा. वरून खरंच वस्तू पडत असतील तर पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट उतार देऊन बसवा आणि महिन्यातून एकदा धुवा.

नेट एप्रिल-मेमध्ये काढू नका. सावलीला सरावलेली पानं दोन दिवसांत भाजतील. जून-जुलैचे ढगाळ दिवस त्यासाठी उत्तम.

मग बाकीचं. रिकामे ड्रम, मोडकी सायकल, रंगाचे डबे, वाळत घातलेल्या चादरी हलवा. पानांवरची धूळ ओल्या मऊ फडक्याने पुसा. शेजारी बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला पुसा, कारण धुळीचा थर आधीच कमी असलेला उजेड आणखी अडवतो. चमक यावी म्हणून पानांना तेल किंवा दूध लावू नका. त्याने धूळ चिकटते आणि पानांची छिद्रं बुजतात. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा थेट झाडांवर येत असेल तर पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. अशा वेळी पाणी वाढवून काही होत नाही, कुंडी सरकवा.

तिसरी तपासणी: पाणी

सावलीतली झाडं तहानेने क्वचितच मरतात. ती बुडून मरतात. ऊन नाही म्हणून पान कमी पाणी उडवतं, म्हणून मूळ कमी पाणी ओढतं, आणि कुंडीला मात्र गच्चीवरच्या कुंडीइतकंच पाणी मिळत राहतं. माती भरलेली असते, हवा शिरायला जागा नसते, मुळं गुदमरतात. पान पिवळं पडलं की घरातलं कोणी तरी आणखी तांब्याभर पाणी घालतं.

पिवळी पडणारी एक कुंडी आडवी करून झाड हलकेच बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी असतं आणि घट्ट लागतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते, आणि मातीला गटारासारखा वास येतो. हे दिसलं तर कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापा, झाडाची एक तृतीयांश पानं कमी करा आणि लहान कुंडीत कोरडसर मिश्रणात लावून उजेडात ठेवा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर शेंड्याची कटिंग लावा, मूळ झाड सोडून द्या.

पाणी देण्याचा वार ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र १० अंशांपर्यंत उतरते, तेव्हा सावलीतल्या मोठ्या कुंडीला दहा दिवस पाणी लागत नाही असंही होतं. माळीकाका येत असतील तर त्यांना हे नीट सांगा. पाइप हातात असला की सगळ्या कुंड्यांना सारखंच पाणी जातं. ज्या कुंड्यांना पाणी नको त्यांच्या काठावर लाल टेपचा तुकडा लावून ठेवलात तर बोलाचाली होत नाही.

कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका. प्रत्येक कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर उचलून ठेवा, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर पोकळी राहते आणि तळाचं भोक मोकळं राहतं. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभर-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. चिलटांना मात्र ताटली लागत नाही, त्यांना ओली माती पुरते. मातीचा वरचा थर सुकू दिला आणि त्यावर सेंटीमीटरभर जाड वाळू पसरली की ती हटतात.

चौथी तपासणी: फरशी

बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. उतार इमारतीपासून दूर, मीटरला एक ते दीड सेंटीमीटर हवा. पाणी अर्ध्या तासानंतरही साचलेलं असेल तर शेवाळ घासून उपयोग नाही, आठ दिवसांत परत येईल. एखाद-दुसरी शहाबादी खचली असेल तर ती उचलून खाली मुरूम ठोकून बसवता येते. सगळीच पट्टी इमारतीकडे कललेली असेल तर ते गवंड्याचं काम.

शेवाळ काढायला आधी कोरडी फरशी तारेच्या ब्रशने घासा. मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीचिंग पावडर कालवून ती फरशीवर पसरवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा आणि धुवा. वाफ्यांच्या कडेला आधी प्लॅस्टिक लावा, ते पाणी मातीत जाता कामा नये. ब्लीचिंग पावडर आणि बाथरूम धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठही वापरू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो आणि दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात तो जीवघेणा ठरू शकतो.

पाचवी तपासणी: भिंती

दोन-तीन हजार रुपयांच्या खर्चात बाग सगळ्यात जास्त कशाने बदलत असेल तर भिंतीच्या रंगाने. ताजी पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा चार पंचमांश भाग परत टाकते. रंग न दिलेलं सिमेंट जेमतेम एक तृतीयांश परत टाकतं, काळवंडलेलं तर त्याहूनही कमी.

मात्र कोणती भिंत रंगवायची हे खडूच्या आखणीवरून ठरवा. जी भिंत दिवसातून तासभर तरी ऊन खाते ती आधी. बहुतेक वेळा ती समोरची सीमाभिंत असते, किंवा घराच्या भिंतीचा वरचा भाग. गडद सावलीतली भिंत पांढरी केली तर ती स्वच्छ दिसेल, पण तिच्यापाशी परत टाकायला उजेडच नसतो. उजेड वरून येतो, म्हणून डोळ्यांच्या उंचीपर्यंत रंग देऊन थांबू नका, शिडी जाईल तितकं वर जा. खालचा फूटभर पट्टा फिकट राखाडी ठेवला तर पावसाचे मातीचे शिंतोडे दिसत नाहीत. भिंत शेजाऱ्यांची असेल तर आधी त्यांना विचारा. सोसायटीची असेल तर लेखी घ्या.

रंग मॅट फिनिशचा घ्या. चकचकीत रंगावर उजेडाचे ठिपके डोळ्यांवर येतात आणि प्रत्येक डाग उठून दिसतो. शेवाळ-प्रतिबंधक एक्सटीरियर इमल्शन दोन हातांसाठी लिटरला साधारण ५० चौरस फूट धरा. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच भिंत ८० चौरस फुटांची होते, तिला दोन लिटर पुरतात. स्वस्तात करायचं तर चुना अजूनही फार गुणाचा आहे. विझवलेला चुना १ किलो चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळा, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला आणि भिंत ओलसर करून तीन पातळ हात द्या. चुना क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी आणि शेवाळ लवकर धरत नाही. पण आधी ऑइलपेंट किंवा इमल्शन दिलेल्या भिंतीवर तो टिकत नाही, पोपडे होऊन पडतो. डोळ्यांना चष्मा लावा, हातमोजे घाला, वाफे झाका. कोणताही रंग ऑक्टोबर ते मे याच काळात द्या.

रंग देण्याआधी भिंतीला तळवा लावून बघा. पाऊस थांबून महिना झाला तरी भिंत गार आणि दमट लागते, पांढरी क्षारांची पावडर हाताला येते, प्लास्टरवर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो? तर रंगाचे पैसे वाया जातील. आतून कुठे तरी पाणी येतंय. इथे थांबा आणि आधी प्लंबर बोलवा. बाथरूमची पाइप, ड्रेनेजचं चेंबर, टाकीचा ओव्हरफ्लो, याच क्रमाने तपासायला सांगा. वाफ्यातली माती घराच्या जोत्याच्या वर चढली असेल तर तेही कारण असतं. माती जोत्यापेक्षा किमान १५ सेंटीमीटर खाली हवी.

आरशांबद्दल बरेच जण विचारतात. सावलीच्या बागेत आरसा लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दयाळ आणि बुलबुल आपल्याच प्रतिबिंबावर तासन्‌तास चोची मारत राहतात, आणि तिरपं ऊन आरशावरून एका जागी पडलं की तिथली पानं भाजतात.

सहावी तपासणी: झाडं कुठे आहेत आणि कोणती

आता झाडं. पहिल्यांदा काहीही विकत न घेता जागा बदला. बसल्या जागेवरून बागेचं सगळ्यात लांबचं टोक दिसतं, तिथे फिकट पानांची झाडं ठेवा. गडद पानांची जवळ आणा. डोळा उजळ टोकाकडे ओढला जातो आणि पट्टी लांब, मोकळी वाटते. फरशीचा किमान एक तृतीयांश भाग पूर्ण रिकामा ठेवा. तो रिकामा भागच उजेड वर फेकतो, शिवाय वारा फिरतो आणि ओल सुकते.

जांभळी, गडद लाल, काळपट पानं नर्सरीत उठून दिसतात, सावलीत विरून जातात. उलट पोपटी, पांढऱ्या रेघांची, चंदेरी छटेची पानं थोड्या उजेडातही दिव्यासारखी दिसतात. मनी प्लांटची पोपटी निऑन जात, पांढरट सिंगोनियम, स्पायडर प्लांट, पीस लिली, पोपटी कोलियस ही पुण्यात सहज मिळणारी आणि टिकणारी. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो अन्न बनवत नाही. म्हणून अशी झाडं अगदी गडद कोपऱ्यात ठेवली की नवी पानं हिरवी यायला लागतात किंवा झाड खुरटतं. त्यांना कागदावर धूसर पंजा दिसेल इतका उजेड तरी हवाच. लाल-गुलाबी ॲग्लोनिमाला त्याहून जास्त उजेड लागतो आणि थंडी सोसत नाही, जानेवारीत त्याची पानं डाग पडून लोंबतात. घ्यायचाच तर कुंडी थंडीत घरात घ्या.

आपल्याकडची झाडं विसरू नका. सोनटक्का अर्ध्या सावलीत, ओलसर जागी खुशाल वाढतो. पावसाळ्यात त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलली की अंधाऱ्या कोपऱ्यात तेवढीच दिसतात, आणि वासाने पट्टी भरून जाते. कंद अंतर सोडून लावा, फुलून गेलेला दांडा बुडातून कापा. अबोलीला सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन मिळालं तरी ती बरेच महिने केशरी घोस देत राहते. हळद, अळू, नागवेल सावलीत छान होतात. नागवेल आणि मनी प्लांट शेजारी मात्र लावू नका. कोवळी पानं सारखी दिसतात आणि मनी प्लांटचं पान चावलं तर त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते, सूज येते. सिंगोनियम, ॲग्लोनिमा, डिफेनबेकिया, पीस लिली यांचंही तेच. घरात रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर ही झाडं त्यांच्या तोंडाला येणार नाहीत अशा उंचीवर टांगा. तिथे ती जास्त उजेडातही येतात.

मोगरा, गुलाब, जास्वंद, तुळस यांना रोज पाच-सहा तास ऊन लागतं. ती गच्चीवर किंवा उन्हाच्या बाल्कनीत द्या, इथे त्यांचा जीव अडकवू नका. कार्पेट लॉनचंही तेच. सावलीत ते दोन पावसाळे टिकत नाही. हिरवं हवंच असेल तर मोंडो ग्रासचे ठोंब १५-२० सेंटीमीटर अंतराने लावा, हळूहळू जागा भरते.

तीन बाय सहा मीटरच्या जागेला पाच-सहा जाती पुरतात, प्रत्येकी तीन ते पाच झाडं. वीस जातींची एकेक कुंडी ठेवली की दुकानासारखं दिसतं, नजर विसावत नाही.

खरेदी फेब्रुवारीच्या अखेरीस करा किंवा जूनच्या पहिल्या पावसानंतर. तेव्हा उजेड आणि ऊब वाढत असते, नवी मुळं धरतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मोह होतो, तो व्हावाच; पण आणलेली झाडं फेब्रुवारी संपेपर्यंत घरातल्या सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेवा. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून झाड घेताना ते उन्हात वाढवलंय की नेटखाली, हे विचारा. सावलीसाठी नेटखालचंच घ्या. उन्हातलं झाड सावलीत आलं की जुनी पानं टाकून देतं.

सातवी तपासणी: छाटणी

सीमाभिंतीला ओळीने लावलेले अरेका पाम हे साइड मार्जिनमधल्या काळोखाचं नेहमीचं कारण आहे. खाली नुसते सोट राहतात, वर छत्री होऊन आभाळ झाकलं जातं. पामच्या सोटाला शेंड्यात एकच कोंब असतो, शेंडा छाटला की तो सोट मेला. म्हणून उंची कमी करायच्या नादी लागू नका, जुने उंच सोट बुडाशीच कापा. वीस सोटांच्या झुंडीत सहा-सात ठेवले तरी आडोसा राहतो आणि मधून उजेड उतरतो. झुडपांच्या आतल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, एका वर्षात पावपेक्षा जास्त हिरवा भाग कापू नका. आधी घरटी बघा. बुलबुलाचं किंवा शिंपी पक्ष्याचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

मोठं झाड असेल तर इथेच थांबायचं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन कायदा लागू आहे. स्वतःच्या आवारातल्या झाडाच्याही फांद्या उतरवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. परवानगी मिळाल्यावर काम दोर आणि पट्टा वापरणाऱ्या अनुभवी माणसाकडून करून घ्या. वीजतारा फांद्यांतून जात असतील तर वीज कंपनीला कळवल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका.

आठवी तपासणी: जमिनीतली माती

सगळं करूनही जमिनीतली झाडंच मरगळत असतील तर ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. कुदळीला विटा, सिमेंटचे गठ्ठे, टाइलचे तुकडे लागले तर तो बांधकामाचा राडारोडा आहे, वर सहा इंच माती टाकून झाकलेला. खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. दोन ते पाच सेंटीमीटर उतरलं तर ठीक. एक सेंटीमीटरही उतरलं नाही तर खाली काळी चिकण माती किंवा सिमेंटचा थर आहे.

राडारोड्यातल्या चुन्या-सिमेंटने माती क्षारधर्मी होते आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नवं पान पिवळं, शिरा हिरव्या, ही त्याची खूण. चिलेटेड आयर्न (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी दोनदा फवारलं तर महिन्याभरात नवी पानं सुधारतात. कायमचा उपाय म्हणजे ४५ सेंटीमीटरपर्यंत माती काढून बदलणं, किंवा त्याच जागी विटांचा ३० सेंटीमीटर उंच, तळ उघडा वाफा करणं, तोही सीमाभिंतीपासून हातभर सोडून. भरायला लाल माती चार भाग, गांडूळखत दोन, कोकोपीट दोन, विटांचा चुरा किंवा भाताचं तूस दोन. कोकोपीट याहून वाढवू नका. उन्हातल्या कुंडीत ते ओल धरून ठेवतं म्हणून चांगलं, पुण्याच्या पावसाळ्यात सावलीत तेच घात करतं. खत बेतानं द्या. सावलीत जास्त नत्र मिळालं की झाड नुसतं लांबतं आणि लोळतं.

नववी तपासणी: बसल्यावर काय दिसतं, काय ऐकू येतं

उजेड आणि ओल आटोक्यात आल्यावरच यावर पैसे घाला. बसायची जागा भिंतीला पाठ करून असावी आणि समोर उजळ टोक किंवा आभाळाचा तुकडा दिसावा. खुर्चीत बसून बघा, उभं राहून नाही. बसलेल्या माणसाचा डोळा साधारण ११० ते १२० सेंटीमीटरवर असतो आणि त्या उंचीला बरेचदा समोर पंपाची पेटी किंवा गॅसचं सिलिंडर येतं. तेवढंच झाका.

रस्त्याचा आवाज येत असेल तर दगडी डोणीत छोटा सबमर्सिबल पंप घालून पाण्याची बारीक धार सोडा. पाणी सतत हलतं ठेवा किंवा डोणीत चार-पाच गप्पी मासे सोडा, नाही तर तीच डासांची खाण होईल. संध्याकाळसाठी १२ व्होल्टचे, ३ ते ५ वॅटचे, पिवळसर उजेडाचे दोन-तीन दिवे पुरतात. झोत झाडावर टाकण्यापेक्षा पांढऱ्या भिंतीवर टाका, सगळी जागा मऊ उजळते. रात्री दहाला ते बंद करा, पाखरं आणि शेजारी दोघांनाही झोप लागते.

कुठे थांबायचं

पंपाला किंवा ओल्या भिंतीला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बागेत पाणी टाकू नका. बाहेरच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) असल्याशिवाय पंप बसवूच नये.

सीमाभिंत कललेली दिसते, तिला आडवी किंवा जिन्यासारखी भेग आहे, किंवा पलीकडची जमीन आपल्यापेक्षा उंच आहे, तर भिंतीला टेकून माती चढवू नका आणि स्वतः खणूही नका. जून २०१९ मध्ये कोंढव्यात पावसात सीमाभिंत कोसळून १५ जणांचा जीव गेला. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, तोवर त्या बाजूला खुर्ची टाकू नका, मुलांना खेळू देऊ नका. भिंतीच्या भेगेत पिंपळ किंवा वडाचं बोटभर रोप असेल तर ते लगेच मुळासकट काढा. खोड मनगटाइतकं झालं असेल तर मुळं भिंतीत शिरलेली असतात, ओढल्यावर भिंतच सुटते, म्हणून तेही इंजिनिअरला दाखवा.

आणि बाग जमिनीवर नसून पार्किंगच्या स्लॅबवर असेल, तर आठव्या तपासणीतला विटांचा वाफा करण्याआधी थांबा. ३० सेंटीमीटर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होतं. तेवढा भार पेलायला तो स्लॅब बांधलाय की नाही हे सोसायटीकडच्या नकाशांवरून इंजिनिअरच सांगू शकतो. उत्तर मिळेपर्यंत हलक्या कुंड्या, त्याही खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेवर.